पाऊण मात्रेचा उशीर

"हे धूड कुठनं उचलून आणलंस?" मामांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

मुंबईत एक जुना स्टुडिओ सामान काढून टाकत होता, तिथून आणलं होतं. १९ इंच रुंद, पावणेदोन इंच उंच, हातभर खोल. काळा पत्रा, समोर लाल आकड्यांची खिडकी, दहा-बारा खुंट्या आणि बटणं. १९८०च्या दशकातलं जपानी डिजिटल डिले. गिटारचा सूर आत घातला की तो काही मिलिसेकंद पोटात ठेवून परत देणारं यंत्र. लक्ष्मीपुरीच्या बोळातल्या मामांच्या दुकानात त्याला जागा करायची म्हणून दोन मिक्सर बाजूला सरकवावे लागले. त्यातला एक ऑर्केस्ट्राचा होता, एक शेजारच्या काकूंचा, चटणीचा.

मामा तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. आता वाजवत नाहीत, वाजणाऱ्या गोष्टी दुरुस्त करतात. मी राजारामपुरीत एका खोलीत गिटार शिकवतो, थोडंफार रेकॉर्डिंगही करतो. (शिकवतो, करतो हे चुकून लिहिलेलं नाही. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. पुण्यात शिकायला असताना यावरून माझी भरपूर चेष्टा झाली, तरी सुटलं नाही.)

"याच्यातला इको लॅपटॉपमधनं येत नाही, मामा."

"येतो. त्याला पैसे मोजले नाहीत, म्हणून तुझ्या कानाला येत नाही."

इथून जे सुरू झालं ते आठवडाभर चाललं. सगळं लिहीत नाही. बरंचसं ओरडणंच होतं.

मामांनी डबा उलटा करून मागची पट्टी वाचली. "१०० व्होल्ट. जपानातली वीज. आपल्या २३० वर सरळ खोचली असतीस तर पहिला आणि शेवटचा इको धुराचा आला असता." मग चार स्क्रू काढून झाकण उचललं. एका कोपऱ्यात जाडजूड ट्रान्सफॉर्मर, त्याच्या शेजारी डोक्यावर फुगलेले दोन कॅपॅसिटर, आणि मधोमध शाळेच्या बाकांसारख्या ओळीत बसलेल्या मेमरीच्या चिप. मामा स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्या मोजू लागले.

"बघ, कंजूषपणा किती सुबक असतो ते. समज, सेकंदाला ३२,००० वेळा सुराच्या लाटेची उंची मोजायची. दर मोजणीला १२ बिट. झाले किती?"

"३,८४,०००."

"त्या वेळची मोठी चिप ६५,५३६ बिटांची. म्हणजे सेकंदभराच्या इकोला सहा चिप. आणि चिप तेव्हा शेंगदाण्याच्या भावानं मिळत नव्हती. तुझा फोन किती जीबीचा?"

"मेमरी आठ जीबी."

"याच हिशेबानं भरलास, तर आज मारलेल्या टाळीचा इको परवा येईल."

मी फोनवरच गुणाकार केला. खरोखर ४९ तासांच्या वर येतं.

मामांचं म्हणणं होतं की ज्याला मी 'जुना आवाज' म्हणून कवटाळतो, तो सगळा या टंचाईतून आलेला आहे. मेमरी महाग, म्हणून मोजणी कमी. मोजणी कमी, म्हणून वरचे सूर कापायचे. आणि का कापायचे, हे समजवायला त्यांनी कोल्हापूरकराला शोभेल असं उदाहरण काढलं. "सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना बघितलंयस नव्हं? चाक सरळच फिरत असतंय. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो, त्या मधल्या वेळात आरा कुठं गेला ते त्याला कळत नाही, म्हणून चुकीचं दिसतं. आवाजाचं तेच. ३२,००० वेळा मोजणाऱ्याला १६,००० कंपनांच्या वरचा सूर झेपत नाही. आत गेलाच तर खालचा कुठलातरी भलताच सूर होऊन बाहेर येतो. म्हणून दारातच चाळण लावायची, आणि चाळणीला थोडी जागा लागते म्हणून १६,००० च्याही बऱ्याच आधी कापायचं."

"तेच तर म्हणतो मी! त्या चाळणीमुळं इको मूळ सुरापेक्षा जरा मळका येतो. मळका येतो म्हणून मागं उभा राहतो. पन्हाळ्यावर अंबारखान्यात गंगा कोठीत टाळी वाजवून बघा. परत येते ती तुमचीच टाळी, पण कडा झिजलेली. दगड आणि हवा वरचे सूर आधी खातात. कानाला जन्मापासून त्याचीच सवय आहे. मूळ सुराइतकाच लखलखीत इको आला तर कान गोंधळतो, वाजवणारा कोण आणि सावली कोण."

मामांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हे वाईट लक्षण.

"गिटारचा अ‍ॅम्प कधी उघडलायस? त्यातला १२ इंची स्पीकर ५,००० कंपनांच्या वर फारसं काही बाहेर काढतच नाही. मग तुझ्या चाळणीनं १०-१२ हजारांच्या वरचं कापलं काय आणि ठेवलं काय? जे ताटात पडणारच नव्हतं, ते परातीत चाळून काढल्याचं कौतुक कशाला?"

हा मुद्दा बिनतोड होता, आणि तो मला आधी सुचला नव्हता याचा रागही आला. संध्याकाळी घरी जाऊन विचार केल्यावर अर्धं उत्तर सापडलं. पहिल्या-दुसऱ्या आवृत्तीपुरतं मामांचं खरं आहे. पण या डब्यात बाहेर आलेला सूर पुन्हा तोंडाशी आणून आत ढकलतात, म्हणजे चौथी आवृत्ती चार वेळा चाळणीतून आणि चार वेळा मोजणीतून गेलेली असते. शिवाय १२ बिट म्हणजे ४,०९६ पायऱ्या. जोरात वाजवलेल्या सुराला त्या पुरतात. विझत चाललेला सूर मात्र तळच्या चार-पाच पायऱ्यांवर उतरतो आणि तिथं त्याला गुळगुळीत उतार मिळत नाही, तो खडबडीत होत जातो. सीडीच्या १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या असतात, तिथं हा तळ फार खोल गेलेला असतो.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून मामा म्हणाले, "त्याला आम्ही खरखर म्हणायचो."

"मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढतात तिथं जाऊन म्हणा की खरखर! घोडीवर तार घासून झणझणायला लागली तरच तंबोरा बोलतो. नुसती स्वच्छ तार कुणाला पाहिजे?"

"जवारी कारागीर काढतो. घोडी तासतो, सूत सरकवतो, कान लावतो, पुन्हा तासतो. ही खरखर कुणी काढलेली नाही, ती राहिलेली आहे. ज्यांनी हा डबा केला त्यांना विचारलं असतंस तर त्यांनी शरमेनं मान खाली घातली असती. अपघाताला कारागिरी म्हणू नकोस."

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

खरं म्हणजे ती खरखर लपवायला त्या लोकांनी जी युक्ती केली, तिची एक गंमत आहे. आत घालताना हळू आवाज उचलून भरायचा, बाहेर काढताना तेवढाच खाली आणायचा, म्हणजे मधे आलेला खरखराटही त्याच्याबरोबर खाली जातो. टेपच्या सुस्काऱ्यावर हा उतारा १९६०च्या दशकात रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन माणसानं बसवला. आवाजातला कचरा कमी करण्यात त्याची हयात गेली. आणि आमच्या कोल्हापुरात 'डॉल्बी' म्हणजे काय, तर गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, जिच्यापुढे खिडक्यांची तावदानं थरथरतात. दरवर्षी 'डॉल्बीमुक्त' गणेशोत्सवाची आवाहनं निघतात. त्या बिचाऱ्याच्या नावाचं एवढं उलटं नशीब जगात दुसरीकडे कुठं निघालं असेल असं वाटत नाही. मामांचं निम्मं पोट मात्र श्रावण-भाद्रपदात याच डॉल्बीवर चालतं, त्यामुळे या विषयावर ते गप्प राहतात.

यंत्राच्या पोटात सूर कसा फिरतो, यावरही आमचं वाजलं. मामांनी रहाट सांगितला. मी रहाटगाडगं फक्त चित्रात बघितलंय, तर म्हणाले चित्रातलं घे. एका बाजूला गाडगं भरतं, फिरत वर येतं, रिकामं होतं, पुन्हा खाली जातं. मेमरीची प्रत्येक जागा म्हणजे एक गाडगं. भरण्यापासून ओतण्यापर्यंतचा वेळ म्हणजे इकोचा उशीर. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत उशीर बदलायचा तर रहाटाचाच वेग बदलायचे. वेग बदलताना जी गाडगी आधीच भरलेली असतात, ती भरली एका चालीनं आणि ओतली जातात दुसऱ्या चालीनं, म्हणून त्यांतला सूर मींड घेतल्यासारखा सरकतो. रहाट हळूहळू मागेपुढे झुलवत ठेवला की तोच इको पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा हलतो.

"लॅपटॉपमधला रहाट एकाच वेगानं फिरतो," मी म्हटलं. "झोका नंतर गणितानं लावतात."

"आणि तुला ते ऐकून ओळखता येतं?"

"कधीकधी."

"कधीकधी म्हणजे नाही."

यंत्राचा जन्म गिटारसाठी झालेलाच नव्हता, हे दोघांनाही मान्य होतं. बोस्टनजवळ एमआयटीत फ्रान्सिस ली हे प्राध्यापक हृदयाचे ठोके तपासण्याच्या कामासाठी डिजिटल विलंबाची मांडणी करत होते. तिथल्याच बॅरी ब्लेसर यांनी त्यातून आवाज घालून बघायचं सुचवलं. त्यातून लेक्सिकन कंपनीचं 'डेल्टा टी-१०१' निघालं, १९७१ साली. ऐकायला मिळणारा उशीर होता सेकंदाचा दहावा भाग. मोठ्या मैदानात दूरच्या स्पीकरला थोडं थांबवून धरायला अशी यंत्रं पुढे फार उपयोगी पडली. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे ३५ मीटरवरच्या कर्ण्याला दशांश सेकंद थांबवलं की व्यासपीठावरचा शब्द आणि कर्ण्यातला शब्द कानात एकदम पडतात.

"बिंदू चौकातल्या सभांना कुठलं डेल्टा बिल्टा?" मामा म्हणाले. "चारी रस्त्यांना कर्णे. पुढारी 'बंधूंनो' म्हणायचा आणि चौकातनं तीन वेळा बंधूंनो यायचं. मी पहिला डिले तिथं ऐकला. फुकट."

ऑर्केस्ट्राची आठवण काढल्यावर मामांचा सूर बदलला. तोपर्यंत ते तांत्रिक भांडत होते, आता माणूस म्हणून भांडायला लागले. सुरुवातीला त्यांच्याकडे टेपचा इको होता. टेपची गोल माळ सतत फिरायची, एक डोकं लिहायचं, पुढची वाचायची. माळ सैल पडली की इको गटांगळ्या खायचा, तुटली की गायक उघडा पडायचा. उन्हाळ्यात जत्रांच्या धुळीत रोज डोकी पुसायची. "इको वाढव!" हे गायकाचं ठरलेलं ओरडणं. बेसूर झाला की तर हमखास. पुढं कुणाच्या तरी आखातातल्या भावानं डिजिटल डबा आणून दिला. तेव्हा त्यावरचं आयात शुल्क ऐकूनच माणूस खाली बसायचा.

"त्या दिवशी आम्ही पेढे वाटले," मामा म्हणाले. "टेप नाही, धूळ नाही, पुसणं नाही. आम्हाला स्वच्छ पाहिजे होतं गं. मिळेल तेवढं स्वच्छ. आणि तू आता चाळीस वर्षांनी येऊन त्यातली घाण शोधत बसलीस आणि तिलाच अत्तर म्हणतेस."

"पण त्या डब्यानं कधी दगा दिला नाही?"

दिला होता. एका गावच्या उरुसात निवेदक पाहुण्यांचं स्वागत करत होता आणि कुणाचातरी कोपर 'होल्ड'च्या बटणावर पडला. होल्ड म्हणजे रहाटात नवं पाणी घ्यायचं नाही, आहे तेच फिरवत राहायचं. निवेदकाचं 'सरपंच सा' एवढंच आत अडकलं. मग लावणी सुरू झाली आणि तिच्या खालून सरपंच सा, सरपंच सा, सरपंच सा. कुणाला बटण सापडेना. ढोलकीवाला शहाणा निघाला, त्यानं लावणीची लय सरपंचांना जुळवून घेतली. पब्लिकनं वन्समोअर घेतला.

हे सांगून झाल्यावर मामांनी भिंतीवरची गिटार काढली. किती वर्षांनी काढली ते तारांच्या गंजावरून दिसत होतं. "पाऊणकी पाठ आहे?"

मला सव्वाकी-दिडकी काहीच येत नाही. आमच्या वेळी शाळेतून गेलं होतं.

"एक पाऊण पाऊण. दोन पाऊण दीड. तीन पाऊण सव्वादोन. चार पाऊण तीन. आता ऐक." त्यांनी पायानं मात्रा धरली, मिनिटाला १२०. म्हणजे मात्रा ५०० मिलिसेकंदांची. "इको लावायचा पाऊण मात्रेवर, ३७५. एक सूर छेडला तर त्याच्या आवृत्त्या येणार पाऊण, दीड, सव्वादोन आणि तीनवर. चौथी बरोबर मात्रेवर बसते, बघ. आणि मी मात्रेत दोन आघात केले, मात्रेवर एक आणि अर्ध्यावर एक, तर इको पडणार पाव आणि पाऊणच्या जागी. मी दोन वाजवतो, ऐकणाऱ्याला चार ऐकू येतात. यू-टूचा तो टोपीवाला…"

"द एज."

"तोच. निम्मं तो वाजवायचा आणि निम्मं पाऊणकी. आता मला सांग, यात या डब्याची काय करामत? ३७५ लावलं की कुठलंही यंत्र हेच करणार."

इथं मला जे म्हणायचं होतं ते मलाच पहिल्यांदा नीट दिसलं. टेपच्या इकोचा आवाज मळका होता, मागे उभा राहणारा होता, पण त्याची वेळ पक्की नव्हती. खुंटी फिरवायची आणि कानानं अंदाज घ्यायचा. आज जमलेली पाऊण मात्रा उद्या हाती लागेलच असं नाही. या डब्यांनी पहिल्यांदा वाजवणाऱ्याच्या हातात आकडा दिला. लाल अक्षरांत ३७५, आजही तेवढंच आणि उद्याही तेवढंच. आणि आवाज मात्र टंचाईमुळं अजून मळकाच होता. वेळ सोनाराच्या काट्याची आणि सूर पडद्याआडचा, या दोन गोष्टी एकत्र नांदल्या त्या साधारण याच वर्षांत. कॉर्गचं एसडीडी-३००० आलं १९८२ ला, रोलँडचं एसडीई-३००० आलं त्याच्या पुढच्या वर्षी. १९८२ हेच सीडी बाजारात आल्याचंही वर्ष. म्हणजे लखलखीत आवाज तयार होता, फक्त तो मेमरीत साठवून गिटारवाल्याला विकणं परवडत नव्हतं. पुढं मेमरी स्वस्त झाली आणि इकोही चकाचक झाला. दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडा होता तो थोडाच काळ.

मामा ऐकत होते. मग शांतपणे त्यांनी एकेक वीट काढायला घेतली.

"एक. कॉर्गच्या त्या यंत्राच्या तोंडाशी प्रीअ‍ॅम्प आहे. इको बंद असला तरी गिटार त्यातनं जाते आणि पुढच्या अ‍ॅम्पला ढकलते. तुझ्या एजचा निम्मा आवाज तो ढकलण्यात आहे. तुझ्या चाळणीचा आणि पायऱ्यांचा त्यात काही संबंध नाही. दोन. रोलँडसाठी केलेली चिपच बॉसनं त्याच सुमाराला पायाखालच्या पेडलमध्ये घातली. मग रॅकमधल्या या डब्यांची पूजा करणारे त्या पेडलसमोर का उदबत्ती लावत नाहीत? डबा मोठा दिसतो म्हणून? तीन. डेन्मार्कचं टीसी २२९०, १९८५ चं. सगळ्यात स्वच्छ. ३२ सेकंदांपर्यंतची मेमरी. त्यात ना मळ ना खरखर, आणि त्याच्यावरही लोक जीव टाकतात. तुझा एज पण वापरायचा. मग मळकं असतं म्हणून आवडतं, हे कुठं राहिलं?"

पहिल्या दोन मुद्द्यांवर मी मान तुकवली. पेडलसमोर उदबत्ती लावणारेही आहेत, पण तो वाद वेगळा. तिसऱ्यावर मात्र मी उडीच मारली.

"२२९० लोकांना आवडायचं कशासाठी ते सांगा की. त्यात एक सोय होती. तुम्ही वाजवत असताना इको आपोआप खाली बसायचा, तुम्ही थांबलात की वर यायचा. स्वच्छ इको मधे मधे करतो, हे त्यांना पण कळलं होतं! मळ काढून टाकला, मग अदब वेगळी शिकवावी लागली. पेटीवाला गवयाच्या मागं अर्धा श्वास राहून साथ करतो ना, तसं. जुन्या डब्याला ते शिकवायला लागत नव्हतं, गरिबीमुळं तो आपसूकच मागं बसायचा."

"मग लॅपटॉपला पण शिकव की मागं बसायला. एक खुंटी फिरवायची, वरचं कापायचं. त्याला चाळीस वर्षांचा पत्रा कशाला पाहिजे?"

"फिरवत कोण नाही, मामा. खुंट्या इतक्या असतात की…"

"म्हणजे दोष खुंट्यांचा नाही. तुम्हा लोकांचा."

यावर चहा आला.

चहा पिताना मामांनी आपण होऊन विषय काढला. त्यांना विचारलं तर सगळ्यात उत्तम इको कुठल्याच यंत्रात नव्हता. तो केशवरावला होता. केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, १९१५ चं. तिथं स्टेजवर उभं राहून एक सूर सोडला की मागच्या भिंतीवरून टप्पा घेऊन परत यायचा, आणि मामा त्या टप्प्याला धरून वाजवायचे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. निम्मं कोल्हापूर रस्त्यावर येऊन बघत होतं. मामा गेले नव्हते.

मी सांगितलं की रिकाम्या सभागृहात एक फुगा फोडायचा आणि तो आवाज शेवटपर्यंत, पार विझेपर्यंत रेकॉर्ड करायचा. त्या एका फटक्यात भिंती, छत, बाल्कनी, खुर्च्या सगळ्यांचा जबाब असतो. मग घरात वाजवलेली गिटार गणितानं त्या सभागृहात नेऊन ठेवता येते. जगातल्या कितीतरी सभागृहांचे असे ठसे घेऊन ठेवलेत. मी केशवरावला शंभर वेळा तरी गेलो असेन, शेकड्यानं फुगे विकणाऱ्यांच्या समोरून आत गेलो. कधी सुचलं नाही.

"बरं झालं नाही सुचलं," मामा म्हणाले. "केशवराव असा डबीत भरून नेतात होय? तिथली बाल्कनीतली शिट्टी कुठल्या गणितात बसवणार?"

लॅपटॉपमधनं सगळं येतं, असं हाच माणूस आठवडाभर सांगत होता. मी कप उचलून ठेवले आणि घरी आलो.

त्यानंतर पाचव्या दिवशी फोन आला. कॅपॅसिटर बदलले होते, पॉवर सप्लायचे बाकीचेही तपासून दोन काढले होते, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून डबा चालू केला होता. दुकानाचं अर्धं शटर खाली होतं. आत लाल आकडे पेटलेले, आणि मामा गिटारला नव्या तारा घालून बसलेले. मला बघून ते काही बोलले नाहीत. एक सूर छेडला. ३७५ वर होता, पाऊण मात्रेवर. त्यांनी खुंटी खाली आणली. ३००. सूर. २२०. सूर. १५० ला त्यांची मान थोडी हलली. मग एकेक आकडा उतरवत, दर वेळी तोच सूर छेडत, १३२ वर थांबले. डोळे मिटून पुन्हा छेडला.

"वेळ बरोबर हाय," ते म्हणाले. "पण एवढा उघडा नाही यायचा. याला वरचं कापायची खुंटी कुठली?"

मी दाखवली.

"फिरव. हॉल भरलेला असायचा गं."

मी खुंटी डावीकडे फिरवली. त्यांनी सूर छेडला, ऐकला, मान हलवली.

"अजून," मामा म्हणाले. "रविवारचा खेळ होता."